विजेवरची सेडान बेळगाव भागात: आत काय असते, घरचा प्लग कसा करावा, घाटात किती युनिट जातात

विजेवरची गाडी घ्यायची म्हटली की "एका चार्जमध्ये किती जाते?" हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मात्र त्याच्याही आधी एक गोष्ट बघावी लागते. गाडी रात्री जिथे उभी राहणार, तिथल्या प्लगला खरे अर्थिंग आहे का? इथे नव्या गाडीच्या चार्जिंगच्या बहुतेक तक्रारी घरच्या वायरिंगशी जाऊन थांबतात. म्हणून या लेखात गाडीइतकीच जागा प्लगला दिली आहे.

उदाहरणाला टाटा टिगोर ईव्ही घेऊ. २०२१ साली आलेल्या झिपट्रॉन (टाटाचे विजेच्या गाड्यांचे तंत्र) आवृत्तीत २६ किलोवॅट-अवरची बॅटरी, ५५ किलोवॅटची मोटर आणि १७० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. एक किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट, म्हणजे ही २६ युनिटांची टाकी झाली. बीवायडी सील ही याच वर्गाच्या वरची सेडान. तिची बॅटरी ६१.४४ किंवा ८२.५६ युनिटांची येते. पुढची गणिते २६ युनिटांची आहेत, तुमच्या गाडीचा आकडा घालून तीच पुन्हा करता येतील.

आत काय आहे

तळाशी बॅटरीची पेटी. छोटे सेल एकापुढे एक जोडून तीनशे व्होल्टच्या वरचा दाब तयार केलेला असतो. नारंगी रंगाच्या जाड केबल याच दाबाच्या असतात, त्यांना गॅरेजच्या पोराने कुतूहल म्हणूनही हात लावायचा नाही. पेटीतली बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) ही सर्किटची पाटी प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि तापमान बघते आणि किती वीज आत घ्यायची, किती बाहेर सोडायची ते ठरवते. एक जरी सेल कमजोर झाला तरी सगळी पेटी त्याच्या चालीने चालते, हे लक्षात ठेवा.

पेटीतून निघणारी वीज डीसी असते. इन्व्हर्टर तिची थ्री-फेज एसी करून मोटरला देतो. मोटरपुढे एकच गियर असतो. क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, टायमिंग बेल्ट नाही. ब्रेक लावला किंवा पाय उचलला की तीच मोटर जनरेटर होते आणि वीज परत पेटीत जाते, याला रीजेन म्हणतात.

दोन भाग लोक विसरतात. एक, ऑनबोर्ड चार्जर. घरच्या प्लगची एसी वीज डीसी करण्याचे काम गाडीच्या आत बसलेला हा चार्जर करतो. भिंतीवरची पेटी (वॉलबॉक्स) किंवा केबलमधली पेटी फक्त तपासणी करते आणि परवानगी देते. म्हणून ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स लावला आणि गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असला, तर चार्जिंगचा वेग एका पैशानेही वाढत नाही. हायवेवरचा डीसी फास्ट चार्जर हा भाग वगळून थेट बॅटरीच्या पेटीत वीज घालतो, म्हणून तो वेगवान.

दुसरा भाग म्हणजे साधी १२ व्होल्टची बॅटरी. दरवाजे, दिवे, स्क्रीन आणि मोठ्या पेटीचा मुख्य काँटॅक्टर (जोड-तोड करणारा स्विच), सगळे तिच्यावर चालते. ती उतरली तर पेटीत ८० टक्के असूनही गाडी उघडत नाही की चार्ज होत नाही. महिनाभर पुण्या-मुंबईला किंवा आखातात जायचे असेल तर मोठी पेटी ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे १२ व्होल्टची निगेटिव्ह वायर काढा. उतरलीच तर दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन विजेवरची गाडी जागी करता येते. उलटे करू नका. विजेवरच्या गाडीवरून ट्रॅक्टर किंवा डिझेल गाडी स्टार्ट करायला गेले की स्टार्टर ओढतो तो करंट डीसी-डीसी कन्व्हर्टरला झेपत नाही.

घरचा प्लग

गाडीबरोबर मिळणारी केबल १५/१६ अँपिअरच्या प्लगला लागते आणि तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज ओढते. गिझरही साधारण तेवढेच ओढतो, पण गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी आठ तास सलग ओढते. जुन्या वाड्यातला, चाळीस वर्षांपूर्वी बसवलेला सॉकेट इथेच हार मानतो.

कारण साधे आहे. सॉकेटच्या पट्टीत ढिलाईमुळे फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला तरी १६ अँपिअरला तिथे २५ वॅटहून जास्त उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री रात्रभर सॉकेटच्या आत ठेवल्यासारखे. आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते, मग पिन वितळून चिकटते. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू होऊन तासाभराने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर चार्जिंग लगेच थांबवा.

वायरमनला सांगायचे ते असे:

मीटरजवळच्या मेन बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन काढा. मध्ये पंप, फ्रिज, काही नको. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर. ३० मीटर अंतरावर १६ अँपिअरला या वायरीत साडेचार व्होल्ट पडतात. २.५ ची घातली तर सात, आणि दिव्यांची १.५ ची वापरली तर साडेअकरा व्होल्ट पडून जवळपास १८५ वॅट भिंतीतच जळतात. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते, तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नका. हा जोड वर्षभरात काळा पडतो.

लाइनवर २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) घाला. टाइप एसी स्वस्त मिळतो, पण चार्जरच्या गळतीत डीसीचा अंश असू शकतो आणि टाइप एसी त्याला आंधळा होतो. सॉकेट औद्योगिक प्रकारचा, झाकणाचा. पोर्चमध्ये पावसाचे पाणी तिरके येते, म्हणून जमिनीपासून चार फूट वर. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स लावायचा असेल तर वायर ६ चौरस मिलिमीटर, अंतर वीस मीटरच्या वर असेल तर १०, आणि एमसीबी ४० अँपिअरचा.

एक्स्टेंशन बोर्ड नको. गल्लीत गाडी लावून खिडकीतून वायर सोडणे तर मुळीच नको. वरून दुचाकी गेली की इन्सुलेशन आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता अर्थिंग. चार्जिंग केबलमधली पेटी आधी अर्थ तपासते, तो मिळाला नाही तर लाल दिवा लावून बसते. लोक म्हणतात चार्जर खराब आहे. बहुतेक वेळा चार्जर आपले काम चोख करत असतो. वायरमनने मल्टिमीटरने तीन मापे घ्यावीत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत हवे, आणि तेही गिझर चालू असताना. लोड नसताना घेतलेले माप फसवते.

अर्थचा खड्डा जिथे आहे ती माती बघा. खानापूर, जांबोटी बाजूला जांभा दगड. तो पावसाळ्यात पाणी सोडून देतो आणि एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत होतो, अर्थचा अडथळा तेव्हा कित्येक पट वाढतो. अथणी, चिकोडीच्या काळ्या रानात उलटा त्रास. ओली असताना माती उत्तम वाहक, पण उन्हाळ्यात भेगा पडून पाइपाला सोडते. दोन्हीकडे उपाय एकच: ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे आलटून पालटून थर, वर फनेल आणि झाकण. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या फनेलमध्ये ओतायचे. अडथळा ५ ओहमच्या आत आणायचा. एका खड्ड्याने येत नसेल तर तीन मीटर अंतरावर दुसरा खड्डा करून दोन्ही जोडा. न्यूट्रलवरून अर्थ घेऊन चार्जरला फसवणारे वायरमन भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा, कारण खांबावरचा न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा फेजवर येतो.

व्होल्टेजचेही गणित आहे. १३ अँपिअर ओढणारा चार्जर २३० व्होल्टला तासाला तीन युनिट घेतो. गावात संध्याकाळी दाब १९० वर आला की तोच चार्जर अडीचवर येतो. २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला गळती धरून भिंतीतून २३ युनिट लागतात, म्हणजे पावणेआठ तासांचे काम सव्वानऊ तासांवर जाते. रात्री अकरानंतर लावा, दाबही बरा असतो. घरचा इन्व्हर्टर या कामाचा नाही. छोट्या जनरेटरवरही चार्जर बहुतेक वेळा नकार देतो, कारण त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. आणि शेतातल्या पंपाच्या मोफत लाइनवर गाडी लावू नका. तो वापर नियमाबाहेरचा आहे, शिवाय पंप सुरू-बंद होताना बसणारे धक्के ऑनबोर्ड चार्जरने सोसायचे, आणि तो भाग महाग असतो.

बिल

हेस्कॉमकडे, म्हणजे आपल्याकडे अजून ज्याला केईबी म्हणतात तिथे, आधी मंजूर लोड बघा. अनेक घरांचा तो एक-दोन किलोवॅट असतो. गाडी एकटीच तीन घेते. लोड वाढवून घ्या, नाहीतर सर्व्हिस वायर आणि मीटरचे टर्मिनल तापतात.

कर्नाटकातल्या घरांना यात एक खास अडचण आहे, शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. गृहज्योती या राज्याच्या मोफत विजेच्या योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. महिन्याला १,००० किलोमीटर चालवली, युनिटाला आठ किलोमीटर धरले, तर पेटीत १२५ युनिट जातात आणि गळतीसह मीटरवर १४० च्या आसपास पडतात. घरचा वापर आधी ९० असेल तर २३० होतो आणि पूर्वी शून्य येणारे बिल सगळेच्या सगळे अंगावर येते. पेट्रोलच्या तुलनेत ते तरीही परवडते, पण हिशेब करताना फक्त गाडीची १४० युनिटे धरू नका, घरचीही धरा. गाडीसाठी स्वतंत्र मीटर मिळेल का, हे बुकिंगच्या आधी सेक्शन ऑफिसात विचारून ठेवा.

किती जाते

टिगोरचा कागदावरचा आकडा २०२१ च्या आवृत्तीला ३०६ आणि २०२२ च्या सुधारणेनंतर ३१५ किलोमीटर आहे. तो प्रयोगशाळेतला. रस्त्यावर वेग सगळे ठरवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग पाव पटीने वाढतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. या आकाराची सेडान एसी लावून ८० ने धावली तर युनिटाला साधारण आठ किलोमीटर देते, १०० ला साडेसहा. म्हणजे २६ युनिटांत एकदा २०८ आणि एकदा १६९. तळाचे २० टक्के राखीव धरा, मग भरवशाचा पल्ला १६५ किंवा १३५ उरतो. प्रवास या आकड्यावर आखा.

बेळगाव ते कोल्हापूर ११० किलोमीटर. ८० च्या चालीने १४ युनिट. पूर्ण भरून निघालात तर कोल्हापुरात १२ युनिट शिल्लक. येताना १४ लागतात, वर एखादे जास्त, कारण बेळगाव कोल्हापूरपेक्षा उंच आहे आणि वंटमुरीचा चढ मध्ये आहे. राखीव पाच धरले तर कोल्हापुरात आठ युनिट घ्यावी लागतात. २५ किलोवॅटच्या डीसी चार्जरवर हे वीस मिनिटांचे काम. गन (चार्जरचा गाडीला लागणारा प्लग) सीसीएस-२ प्रकारची हवी, जुन्या भारत डीसी-००१ चार्जरची बसत नाही. ॲपवर चार्जर हिरवा दिसला तरी निघण्यापूर्वी त्याच्या पुढचा दुसरा चार्जर कुठे आहे ते बघून ठेवा. ८० टक्क्यांच्या पुढे डीसीचा वेग पडतो, तिथे गाडी अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी हायवेवर येऊन वाहतूक थांबल्याचे २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडे जाताना ५० किलोमीटरच्या वळणाची, म्हणजे आणखी सहा-सात युनिटांची सोय पेटीत असू द्या.

चोर्ला घाट

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, पणजी समुद्रालगत. रिकामी टिगोर सव्वाबाराशे किलोच्या आसपास, चार माणसे आणि डिकी धरून १,६०० किलो. एवढे वजन ७५० मीटर वर चढवायला ३.३ युनिट लागतात, मोटर आणि इन्व्हर्टरची गळती धरून जवळपास चार. हे नेहमीच्या खर्चाच्या वरचे. उतरताना यातले सगळे परत येत नाही. काही भाग टायर आणि हवेचा विरोध खातात, काही गळतीत जातो. दीड-दोन युनिट परत आले तर चांगले म्हणायचे. म्हणून पणजीला जाताना बारा-तेरा युनिट लागतात आणि येताना अठरा. बेरीज पेटीच्या बाहेर जाते. गोव्यात मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंग असेल तरच निघा, आणि परतताना घाटाखालचे साखळी गाव सोडताना पेटी ७० टक्क्यांच्या खाली नको.

उतरताना रीजेन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा, ब्रेकला फार काम उरत नाही. पण एक धोका आहे. पेटी पूर्ण भरलेली असेल तर तिला परत येणारी वीज घेता येत नाही आणि बीएमएस रीजेन बंद किंवा कमी करते. बेळगावहून निघालेल्याला हे जाणवत नाही, कारण घाट लागेपर्यंत पेटी बरीच उतरलेली असते. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला रात्रभर १०० टक्के करून सकाळी थेट घाटात उतरणाऱ्याला मात्र पहिल्या वळणावर गाडी धरत नाही असे वाटते. तिथे ८५ टक्क्यांवर थांबा.

पाऊस, पाणी, गंज

पेटीला आयपी ६७ आहे, म्हणजे चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. हा पेटीचा दाखला आहे, गाडीने ओढा ओलांडायचा परवाना नव्हे. कनेक्टर, १२ व्होल्टच्या वायरी, सीटखालच्या पाट्या यांना तो लागू नाही. पुराच्या पाण्यात गाडी दारापर्यंत बुडाली असेल तर चालू करू नका, चार्जरही लावू नका. घरापासून आणि गोठ्यापासून दूर उघड्यावर उभी करा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. पेटीत शिरलेले पाणी काही दिवसांनीही शॉर्ट करू शकते.

बंद पडलेली गाडी दोरीने ट्रॅक्टरला बांधून ओढायची सवय इथे सोडावी लागेल. चाके फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते. पुढची चाके जमिनीला टेकवून ओढलीत तर इन्व्हर्टर जाऊ शकतो. गाडी फ्लॅटबेडवरच न्या.

रीजेनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि खानापूरच्या चार महिन्यांच्या ओलीत डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजेन शून्यावर आणून चार-पाच वेळा नीट ब्रेक लावा. हंपवर तळ घासला असेल तर रॅम्पवर घेऊन पेटीचा पत्रा बघा. नुसता ओरखडा चालतो, पण खड्डा पडला असेल तर दाखवून घ्या. कूलंट कमी झाले तर घरचे पाणी ओतू नका. या गाड्यांचे कूलंट ठरावीक प्रकारचे असते, तेच घालावे लागते. टायरची हवा गाडी थंड असताना दर पंधरा दिवसांनी बघा, कमी हवेत पल्ला सरळ घटतो.

पेटीची तब्येत घरी मोजणे

मॅन्युअलमध्ये पेटी एलएफपी आहे की एनएमसी (लिथियम सेलचे दोन रासायनिक प्रकार) ते बघा. एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा, लांब जायचे तेव्हाच पूर्ण भरा. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे बीएमएसला नेमके किती उरले ते ओळखता येत नाही. अशी पेटी कंपनी सांगते त्या अंतराने, घरच्या संथ चार्जिंगवर पूर्ण १०० करा आणि वर थोडा वेळ लावून ठेवा. हे टाळले की स्क्रीनवरचे १५ टक्के एका चढात पाचवर येतात.

जुनी, टॅक्सीत फिरलेली सेडान घेत असाल तर विकणाऱ्याला घेऊन डीसी चार्जरवर जा. २० टक्क्यांना सुरू करा, ८० ला थांबा, चार्जरच्या स्क्रीनवरची युनिटे लिहून घ्या. २६ युनिटांच्या धडधाकट पेटीत ६० टक्क्यांना १५.६ युनिट मावतात, गळती धरून स्क्रीनवर सोळाच्या आसपास दिसतील. १३ च दिसली तर पेटी २१-२२ युनिटांची उरली आहे. त्या आकड्यावर वरचे कोल्हापूरचे गणित पुन्हा मांडा आणि मग किमतीचे बोला.